सफाईच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा पसारा आणि पाठीमागून चालणारं नेट कसं बंद करायचं?

मलप्रभाकाठ

खानापुरात (जि. बेळगाव) माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सेवा सिंधूचे (कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवांचे) अर्ज, पहाणी म्हणजे जमिनीचे उतारे, जात-उत्पन्नाचे दाखले, अंगठा लावून होणारी आधारची कामं, आणि लग्नसराईत पत्रिका. पत्रिकेच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, म्हणजे मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि कन्नडचं नुडी, दोन्ही एकाच मशीनवर. पावसाळ्यात फायबर तुटली की लवकर जोडून मिळत नाही. जांबोटी, कणकुंबीकडची माणसं सकाळची बस धरून आलेली असतात, त्यांना परत पाठवायला जिवावर येतं. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवतो. दिवसाचा दीड जीबी, त्यात सगळं बसवायचं.

आता मुद्दा. दुकानातल्या मशीनवर संगणक साफ करण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. नाव घेत नाही, कारण या जातीतली बरीच सॉफ्टवेअरं अशीच वागतात आणि मला भांडण नको, उपाय हवाय. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डेटा युसेजची यादी बघितली. कुणी उघडलेलंही नसताना या सॉफ्टवेअरच्या नावावर डेटा खर्ची पडलेला. बरोबर एक ब्राउझर आलाय, तो आम्ही कुणी मागितला नव्हता. एका अँटिव्हायरसची ट्रायल आली आहे. आणि ‘तुमचे ड्रायव्हर जुने झालेत’ अशी खिडकी उजव्या कोपऱ्यात उठते, तीही नेमकी गिऱ्हाइकाचा अंगठा मशीनवर असताना.

सॉफ्टवेअर पूर्ण काढून टाकायचं का, हा निर्णय नंतर घेईन. दुकानातल्या पोरांना ते सवयीचं आहे. पण मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. ते पाठीमागून नक्की काय करतं? कुणाशी बोलतं? आणि ते थांबवताना अंगठ्याच्या मशीनचं काम बिघडणार नाही ना?

माझ्या मशीनवर आजूबाजूच्या गावांतल्या लोकांची आधार कार्डं, रेशनकार्डं, बँक पासबुकं स्कॅन होतात. ती माणसं विश्वासानं कागद हातात देतात. त्या मशीनवरचं कुठलं सॉफ्टवेअर मला न विचारता बाहेर जोडणी करतं हे मला माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

गणेशपूरकर

प्रश्न चांगले मांडलेत दादा. मी नेटवर्कच्या कामात आहे, सध्या पुण्यात. क्रमानं सांगतो.

आधी बघायचं, मग कापायचं. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा आणि उघडा. त्यात नेटवर्कचा टॅब आहे. वरच्या यादीत नेट वापरणाऱ्या प्रोसेस दिसतात. सफाईच्या सॉफ्टवेअरच्या नावापुढच्या चौकोनात टिक केली की खालच्या ‘टीसीपी कनेक्शन्स’च्या यादीत फक्त त्याच्याच जोडण्या उरतात: समोरचा पत्ता, पोर्ट, किती वेळ लागतोय. पोर्ट बहुतेक ४४३ दिसेल, म्हणजे एनक्रिप्ट केलेली जोडणी. आत काय जातंय ते यातून वाचता येत नाही. पण कोण, कधी आणि कुणाशी बोलतंय ते कळतं, आणि तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांसाठी तेवढं पुरेसं आहे. पत्त्यांऐवजी नावं हवी असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं टीसीपीव्ह्यू घ्या. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही.

दुकान उघडल्यावर सॉफ्टवेअरला हात न लावता अर्धा तास ही खिडकी उघडी ठेवा आणि काय काय वर येतं ते वहीत लिहून काढा. मुख्य प्रोग्रॅम वेगळा असतो, अपडेट करणारा वेगळा, क्रॅश झाल्यावर कळवणारा वेगळा. एकाला बंद केलं तरी बाकीचे चालूच राहतात, म्हणून ही यादी हाताशी हवी.

आता ही मंडळी कुठं बसलेली असतात ते. उदाहरणाला सीक्लीनर घेतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. तुमचं दुसरं असलं तरी जागा याच.

पहिली जागा त्याच्या स्वतःच्या ऑप्शन्समध्ये. ‘स्मार्ट क्लीनिंग’ म्हणजे सॉफ्टवेअरनं सतत जागं राहून कचरा किती साठला ते बघत बसणं. ते बंद करा, म्हणजे विंडोजबरोबर सुरू होणारी त्याची नोंदही जाते. अपडेट्समध्ये आपोआप अपडेटची टिक काढा. प्रायव्हसीमध्ये वापराची माहिती कंपनीला पाठवण्याची टिक असते, तीही काढा.

दुसरी जागा टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब. ही बहुतेकांना माहीत असते, आणि तिथं बंद केलं की काम झालं असं वाटतं.

तिसरी जागा टास्क शेड्यूलर, आणि खरी गोम इथं आहे. इथल्या नोंदी स्टार्टअपच्या यादीत दिसत नाहीत. सीक्लीनरचं अपडेटचं टास्क इथं असतं, आणि ‘स्किप यूएसी’ नावाचं आणखी एक असतं. हे दुसरं कशासाठी, तर प्रोग्रॅम उघडताना विंडोज ‘परवानगी देऊ का’ असं विचारतं ते विचारणं टाळण्यासाठी. दोन्ही राइट क्लिक करून डिसेबल करा. दुसरं बंद केल्यानं एवढंच होईल की उघडताना विंडोज परवानगी विचारेल. दुकानाच्या मशीनवर ते विचारलेलंच बरं.

चौथी जागा सर्व्हिसेस. परफॉर्मन्स वाढवण्याच्या नावाखाली काही सॉफ्टवेअरं इथं आपली सर्व्हिस टाकतात. ती संगणक सुरू झाल्याबरोबर, कुणी लॉगिन करायच्या आधीच उठते.

फायरवॉलचं रात्री लिहितो. लांब आहे.

शहापूरच्या_काकू

मी निवृत्त शिक्षिका, यातलं फारसं कळत नाही, पण वाचते आहे. नातवाच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात लाल रंगात सारखं येतं, ‘संगणकात व्हायरस सापडले, लगेच साफ करा’. हे त्याच सॉफ्टवेअरचं असतं का? दाबावं का?

गणेशपूरकर

काकू, अजिबात दाबू नका. त्या खिडकीत वरच्या किंवा खालच्या बाजूला बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसतो का बघा. दिसत असेल तर त्याचा कुठल्याही सॉफ्टवेअरशी संबंध नाही. नातवानं कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाउ’ दाबलेलं असणार, आणि ती साइट आता खोट्या सूचना पाठवते आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं साइट सेटिंग्ज, तिथं नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती काढून टाका. पुन्हा येणार नाही.

क्रोमचं नाव नसेल तर खिडकीचा फोटो इथं टाका, मग बघू.

येळ्ळूरचा

आमच्यात बी हेच होऊलालंय. काकूंना सांगितलासा ते आज करून बघतो.

निपाणीकर_हिशेब

मलप्रभाकाठ, एक सावधगिरीची सूचना आधी देतो, कारण आमच्या हिशेबाच्या धंद्यात हे वारंवार घडताना बघतोय. स्टार्टअप आणि सर्व्हिसेसच्या यादीत शिरल्यावर माणसाचा हात सैल सुटतो. नाव ओळखीचं वाटलं नाही की बंद. मग जीएसटीच्या पोर्टलवर सही होत नाही आणि दिवस वाया जातो.

डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा प्रोग्रॅम पाठीमागून चालावाच लागतो. जीएसटीसाठीचं एमसाइनरही तसंच. आणि तुमच्या अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस तर चालूच हवी. आधारच्या प्रत्येक बायोमेट्रिक कामात ब्राउझर आधी त्या सर्व्हिसला विचारतो, ती मशीनकडून ठसा घेते, आणि एनक्रिप्ट केलेल्या रूपातच पुढं देते. ती बंद असेल तर मशीनचा दिवा लागेल, पण ठसा काही येणार नाही.

रिसोर्स मॉनिटरमध्ये या सगळ्यांच्या जोडण्या दिसतील आणि माणूस घाबरतो. पण समोरचा पत्ता १२७.०.०.१ असेल तर ती जोडणी बाहेर जातच नाही. आपलाच संगणक आपल्याशी बोलतोय, एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी. आरडी सर्व्हिस आणि एमसाइनर याच पद्धतीनं ब्राउझरशी बोलतात. त्यांना हात लावू नका.

मलप्रभाकाठ

फार मोलाचं सांगितलंत. मी १२७ वाले पत्ते बघून तेच बंद करायला निघालो होतो.

उद्यमबाग_वर्कशॉप

मी उलट बाजू मांडतो. हे सॉफ्टवेअर हवंय कशाला?

आमच्याकडं सीएनसीला (संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवणारे संगणक आहेत, जुने, धुळीत आणि तेलात चालणारे. एकावरही सफाईचं सॉफ्टवेअर नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथं स्टोरेज, तिथं टेम्पररी फाइल्स. जे हवं त्यावर टिक करून काढून टाकायचं. मोठ्या अपडेटनंतर ‘मागचं विंडोज’ म्हणून कित्येक जीबी अडकून पडलेले असतात, ते इथूनच निघतात.

संगणक हळू चालतो म्हणून लोक हे सॉफ्टवेअर घालतात. हळू चालण्याचं कारण बहुतेक वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम. तिथं एसएसडी घाला आणि रॅम आठ करा. तात्पुरत्या फाइल्स काढल्यानं डिस्कवर जागा होते, वेग फारसा वाढत नाही.

आणि रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करण्याचं बटण तर दाबूच नये. मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवलंय की अशा साधनांच्या वापराला त्यांचा पाठिंबा नाही आणि त्यातून होणाऱ्या बिघाडाची जबाबदारी ते घेत नाहीत. श्रीलिपी, नुडी असलेल्या मशीनवर तर विशेष जपा. या साधनांच्या रजिस्ट्रीच्या यादीत फॉण्टच्या नोंदींचाही एक चौकोन असतो. लग्नसराईत पत्रिका छापायला घेतल्या आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर त्या घरच्यांना काय उत्तर द्यायचं? शंभर-दोनशे जुन्या नोंदी रजिस्ट्रीत पडून राहिल्यानं संगणकाचं काहीही बिघडत नाही.

अनगोळ_हॉस्टेल

वर्कशॉपवाल्या काकांशी सहमत. त्यात थोडा इतिहास घालतो, कारण ‘फुकट आहे, चालू दे’ म्हणणाऱ्यांना तो माहीत नसतो.

सीक्लीनर लंडनच्या पिरिफॉर्म कंपनीचं. जुलै २०१७ मध्ये ही कंपनी अवास्टनं विकत घेतली. १५ ऑगस्ट २०१७ ला आलेल्या ५.३३ या आवृत्तीच्या ३२ बिटच्या प्रतीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवलेला होता. कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीसकट ती फाइल सुमारे महिनाभर वाटली गेली. सप्टेंबरमध्ये हे उघड झालं तेव्हा कंपनीनंच सांगितलेला आकडा २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांचा होता. हल्लेखोरांचा रोख सामान्य लोकांवर नव्हता. त्यातून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे मोजके संगणक त्यांनी निवडून काढले आणि पुढचा हल्ला फक्त त्यांच्यावर केला.

२०१८ मध्ये ५.४५ आवृत्ती आली. तिच्यात पाठीमागून लक्ष ठेवणारा भाग बंद केला तरी पुन्हा चालू व्हायचा. इतका आरडाओरडा झाला की कंपनीनं ती आवृत्ती मागं घेतली आणि ५.४४ परत दिली.

२०२० च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरनं (विंडोजबरोबरच येणाऱ्या अँटिव्हायरसनं) सीक्लीनरच्या फुकट आवृत्तीचा इन्स्टॉलर ‘संभाव्य नकोसं सॉफ्टवेअर’ म्हणून दाखवायला सुरुवात केली. कारण हेच, जे मलप्रभाकाठ सांगताहेत: बरोबर येणारं सामान. गुगल क्रोम, गुगल टूलबार, अवास्ट आणि एव्हीजीचे अँटिव्हायरस. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं होतं की हे प्रोग्रॅम स्वतः ठीक आहेत, नको म्हणायची सोयही आहे, पण वापरणाऱ्याच्या नकळत ते बसू शकतात.

आणि अवास्टनं तर लोकांचं ब्राउझिंग जम्पशॉट नावाच्या कंपनीमार्फत विकलं. म्हणजे सीक्लीनर वापरणाऱ्यांचा डेटा विकला गेला!

गणेशपूरकर

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं बरोबर आहे. जम्पशॉटचं प्रकरण अवास्टच्या अँटिव्हायरसमधून आणि ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून (ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) गोळा झालेल्या ब्राउझिंगचं होतं. जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्यावर ती कंपनी बंद केली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्यात सीक्लीनरला ओढू नका. आपली बाजू भक्कम आहे, ती चुकीच्या आरोपानं कमकुवत होते.

पण त्यातून धाग्याच्या विषयासाठी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सफाईच्या सॉफ्टवेअरबरोबर न मागता येणारं सामान म्हणजे नेमकं हेच असतं: अँटिव्हायरस आणि ब्राउझरचं एक्स्टेन्शन. सफाईवालं मुख्यतः तात्पुरत्या फाइल्स आणि ब्राउझरमध्ये साठलेल्या नोंदी बघतं. एक्स्टेन्शनला तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान दिसू शकतं. म्हणून मलप्रभाकाठ, सफाईच्या सॉफ्टवेअरआधी ते न मागितलेलं सामान काढा. सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेनुसार लावा. ज्या दिवशी सफाईवालं बसलं त्याच दिवशीची बाकीची नावं शेजारीच दिसतील. मग प्रत्येक ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन्सचं पान उघडा आणि सर्च इंजिन बदललंय का ते बघा. अँटिव्हायरसची ट्रायल गेली की डिफेंडर आपोआप परत चालू होतो, पण विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण दिसते का ते डोळ्यांनी पाहा.

आता फायरवॉल.

विंडोजची फायरवॉल बाहेरून आत येणारं अडवते. आतून बाहेर जाणारं ती मुळात सगळं सोडते. त्यामुळं एखादा प्रोग्रॅम बाहेर जोडणी करतो तेव्हा तुम्हाला विचारलंही जात नाही. हे बदलायचं तर नियम आपणच लिहायचा. स्टार्टमध्ये ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ शोधा. डावीकडं आउटबाउंड रूल्स. उजवीकडं न्यू रूल. प्रकार ‘प्रोग्रॅम’ निवडा, ब्राउझ करून त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली मुख्य फाइल दाखवा, ‘ब्लॉक द कनेक्शन’, पुढं तिन्ही टिका तशाच ठेवा आणि ओळखता येईल असं नाव द्या. मग तुमच्या वहीत उतरवलेल्या बाकीच्या फाइल्ससाठी हेच पुन्हा: अपडेटवाली, क्रॅश कळवणारी. एका फाइलला एक नियम.

याचा फायदा असा की अडवली जाते ती फक्त तेवढीच फाइल. आरडी सर्व्हिस, पोर्टल, छपाई, कशालाच धक्का नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर.

काही जण होस्ट्स फाइलमध्ये कंपनीच्या सर्व्हरची नावं घालून ती अडवायला सांगतात. मी तुमच्या दुकानासाठी ते सुचवणार नाही. सफाईवालं आणि अँटिव्हायरस एकाच कंपनीचे असले तर सर्व्हरही सामाईक असू शकतात. सफाईवाल्याला गप्प करायला जाल आणि दुसऱ्या मशीनवर ठेवलेल्या त्याच कंपनीच्या अँटिव्हायरसचं अपडेट थांबेल. कुणाला कळणारही नाही.

टिळकवाडी_रेल्वेगेट

पण अपडेट बंद करणं धोक्याचं नाही का? सगळीकडं तर अपडेट ठेवा म्हणून सांगतात.

गणेशपूरकर

विंडोज, ब्राउझर आणि अँटिव्हायरसचं अपडेट कधीही बंद करू नये. त्यांना बाहेरच्या जगाशी दिवसभर तोंड द्यावं लागतं. सफाईचं सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा आपण हातानं चालवायचं आणि बंद करायचं. जे चालूच नाही त्याच्यातून कुणी आत शिरत नाही. वापरायच्या दिवशी अधिकृत साइटवर जाऊन नवी प्रत घ्यायची, तेवढं अपडेट पुरे.

त्यासाठी पोर्टेबल प्रत सगळ्यात चांगली. सीक्लीनरची आहे, इतरांच्याही असतात. झिप फाइल उतरवायची, एका फोल्डरमध्ये उघडायची. इन्स्टॉल होत नाही म्हणून बरोबरच्या ऑफरचा पडदाच येत नाही. सेटिंग्ज त्याच फोल्डरमधल्या छोट्या मजकूर फाइलमध्ये राहतात. एकदा सगळ्या टिका काढल्या की तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्या मशीनवर तसाच ठेवा. नवी प्रत घेताना मात्र त्याच फोल्डरमध्ये ठेवा, कारण फायरवॉलचा नियम फाइलच्या जागेवरून ओळखतो. जागा बदलली की नियम लागू होत नाही.

चंदगडी

आमचं गाव पलीकडं महाराष्ट्रात, पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावातच, म्हणून इथं लिहितो. ब्लीचबिटचा कुणी उल्लेख केला नाही. मुक्त स्रोत आहे, २००८ पासून आहे, विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. जाहिरात नाही, बरोबर सामान नाही. नवी आवृत्ती आली का हे तपासायला नेटवर जातं, ती टिकही प्रेफरन्सेसमध्ये काढता येते. त्याचीही पोर्टेबल प्रत मिळते.

पण हत्यार धारदार आहे. ब्राउझरखाली पासवर्डचा चौकोन आहे, तो टिक केला तर साठवलेले पासवर्ड जातात. मोकळी जागा पुसायचा पर्याय निवडला तर तास-तास चालतं. आधी ‘प्रिव्ह्यू’ दाबून काय जाणार आहे ते वाचा, मगच ‘क्लीन’.

शहापूरच्या_काकू

गणेशपूरकर, सापडलं! त्या यादीत ओळखीची एकही साइट नव्हती. सगळ्या काढल्या. लाल खिडकी यायची थांबली. देव तुमचं भलं करो.

मला या निमित्तानं दुसरं विचारायचं आहे. आम्ही अशा दुकानात आधार कार्ड स्कॅन करून घेतो. ती फाइल दुकानातून जाते कधी?

मलप्रभाकाठ

काकू, प्रश्न अगदी नेमका विचारलात. खरं सांगायचं तर सफाईचं सॉफ्टवेअर ती कधीच काढत नाही. ते तात्पुरत्या फाइल्स काढतं. स्कॅन केलेलं आधार डाउनलोड्स नाहीतर डॉक्युमेंट्समध्ये असतं, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं ती तुमची कामाची फाइल. ‘तुमची प्रायव्हसी सुरक्षित’ अशी हिरवी पाटी दाखवतं तेव्हाही ती फाइल तिथंच पडून असते.

आता एक फोल्डर फक्त गिऱ्हाइकांच्या स्कॅनसाठी ठेवतोय. अर्ज दाखल झाला, पोच हातात दिली, की ती फाइल शिफ्ट आणि डिलीट दाबून माणसासमोरच काढायची. आणि जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार मागतो, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. यूआयडीएआयच्या साइटवरून तसं आधार उतरवून घेता येतं.

उद्यमबाग_वर्कशॉप

त्याला विंडोजची स्टोरेज सेन्सही मदत करेल. डाउनलोड्समध्ये ठरावीक दिवस न उघडलेल्या फाइल्स आपोआप काढायची सोय आहे. मुळात ती ‘नेव्हर’वर असते. तुमच्यासारख्या दुकानात ती चालू करण्यात अर्थ आहे. घरच्या संगणकावर मात्र विचार करून, कारण लोक डाउनलोड्समध्येच फोटो ठेवतात. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्सचा चौकोन आला होता, आणि नेहमीच्या सवयीनं सगळं टिक करणाऱ्यांचा तो फोल्डर रिकामा झाला. मायक्रोसॉफ्टनं पुढं तो चौकोन काढून टाकला.

मलप्रभाकाठ

सगळं करून झालं, म्हणून सविस्तर लिहितो. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

आधी रिसोर्स मॉनिटर. सॉफ्टवेअर उघडलेलं नसताना त्याच्या दोन प्रोसेस बाहेर जोडलेल्या होत्या, दोन्ही ४४३ वर. तिसरी मधेच यायची आणि जायची. टास्क शेड्यूलरमध्ये बघितल्यावर ती अपडेटवाली निघाली. न मागितलेला ब्राउझर, अँटिव्हायरसची ट्रायल आणि ड्रायव्हरवालं, तिन्ही त्याच तारखेचे, शेजारी शेजारी. काढले. ब्राउझरमध्ये खरेदीच्या सवलती दाखवणारं एक एक्स्टेन्शन होतं, तेही गेलं.

मग मूळ सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं आणि पोर्टेबल प्रत ठेवली. टिका काढल्या, फायरवॉलचे नियम घातले. पोरांना दाखवलं की आता हे फक्त शनिवारी संध्याकाळी, दुकान आवरताना चालवायचं, आणि रजिस्ट्रीचं पान उघडायचंच नाही. श्रीलिपी आणि नुडी दोन्ही उघडून एक जुनी पत्रिका छापून बघितली, अक्षरं जागेवर आहेत. कालपासून पुन्हा हॉटस्पॉटवर आहोत आणि डेटा युसेजच्या यादीत त्या सॉफ्टवेअरचं नाव वर आलेलं नाही.

एक शंका राहिली. अनइन्स्टॉल करूनसुद्धा सर्व्हिसेसमध्ये त्याची एक सर्व्हिस दिसते आहे. ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय, पण चालू नाही.

गणेशपूरकर

तिच्यावर डबल क्लिक करा आणि फाइलचा मार्ग वाचा. त्या फोल्डरमध्ये ती फाइल आता नसेल, म्हणजे नुसती नोंद मागं राहिली आहे. त्रास नाही, पण काढायची असेल तर सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स घ्या आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ज्या नोंदीची फाइल सापडत नाही ती पिवळ्या पट्ट्यात दिसते. आधी फक्त टिक काढा, डिलीट नको. संगणक बंद करून चालू करा, एकदा अंगठा घेऊन बघा, एक पान छापून बघा. सगळं ठीक असेल तर मग डिलीट करा.

गुलाबी पट्टे दिसले तर घाबरू नका. त्या फाइलवर कंपनीची ओळख नाही एवढाच त्याचा अर्थ. काही जुन्या छपाई मशीनचे ड्रायव्हर तसे असतात.

निपाणीकर_हिशेब

फायरवॉलमध्ये ‘एक्सपोर्ट पॉलिसी’ दिसतंय. एका मशीनवर नियम लिहून बाकीच्यांवर इम्पोर्ट केले तर चालतील का? आमच्याकडं मशीन बरीच आहेत.

गणेशपूरकर

तसं करू नका. इम्पोर्ट केल्यावर त्या मशीनवरचे आधीचे सगळे नियम पुसून त्या जागी नवे येतात. टॅलीसाठी किंवा प्रिंटर शेअरिंगसाठी घातलेले नियमही जातील. प्रत्येक मशीनवर हातानंच घाला, फाइलमागे दोन मिनिटांचं काम आहे. पोर्टेबल फोल्डर सगळीकडं एकाच नावानं आणि एकाच जागी ठेवलात तर पुढच्या खेपेला शोधाशोध करावी लागणार नाही.